रोझेट, तात्यांचा ऊस आणि ६५६.३ नॅनोमीटर : हिवाळा २०२४-२५ च्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार. लातूर

कॅननचा जुना ६००डी कॅमेरा आज उघडला. माझ्या हाताला एवढं बारीक काम जमत नाही, म्हणून मोबाईल दुरुस्त करणाऱ्या मित्राच्या टेबलाशी दुपारभर बसलो. त्याने स्क्रू काढायचे आणि मी ते कागदावर आखलेल्या चौकोनांत ओळीनं मांडायचे, अशी वाटणी. सेन्सरच्या पुढे दोन काचा असतात. धूळ झटकणारी पहिली तशीच ठेवायची, तिच्यामागची निळसर झाक असलेली दुसरी काढून टाकायची. माणसांचे चेहरे फोटोत लालबुंद दिसू नयेत म्हणून ही काच गडद लाल प्रकाश अडवते. ६५६.३ नॅनोमीटरचा जेमतेम पाव हिस्सा तिच्यातून पलीकडे जातो.

मला नेमका तोच प्रकाश हवाय. क्लासमध्ये बारावीला दरवर्षी बामर श्रेणी शिकवतो, म्हणजे हायड्रोजनच्या प्रकाशातल्या ठरावीक रेषा. फळ्यावर पाच आडव्या रेघा, तिसरीवरून दुसरीवर उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनचा बाण, शेजारी ६५६.३. पोरं लिहून घेतात, परीक्षेत एक प्रश्न येतो, विषय संपतो. गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "सर, हा बाण खरा कुठं बघायला मिळतो?" मी "तेजोमेघात" म्हणालो आणि पुढचं उदाहरण घेतलं. खरं तर मीही तो कधी पाहिला नव्हता.

तर या हिवाळ्याचं काम हे: रोझेट तेजोमेघ, म्हणजे अवकाशातला वायूचा ढग, सूचीत एनजीसी २२३७, आणि त्याच्या पोटातला तारकागुच्छ एनजीसी २२४४. अंतर सुमारे ५,००० प्रकाशवर्षं. आकाशातला पसारा मात्र सव्वा अंशाहून जास्त, म्हणजे पूर्ण चंद्राच्या अडीचपट रुंद. एवढ्या मोठ्या वस्तूला मोठी दुर्बीण लागत नाही, लहानच लागते. माझी ६० मिलिमीटरची, ३६० मिलिमीटर नाभीय अंतराची आहे. ६००डीच्या सेन्सरवर तिच्यातून साडेतीन बाय अडीच अंशांच्या आसपासचं आकाश मावतं. रोझेट मधोमध बसून चारी बाजूंना जागा उरते.

काच काढून कॅमेरा परत जोडला. चालू झाला. स्क्रू एक उरला.

२८ नोव्हेंबर, गुरुवार. शेत, औसा तालुका

पहिली रात्र, आणि पहिल्याच रात्री ऊस आडवा आला.

दुर्बीण पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट फिरवायची तर माउंटचा, म्हणजे तिला फिरवणाऱ्या बैठकीचा, अक्ष ध्रुवाकडे नेमका हवा. इथला अक्षांश सव्वाअठरा, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून सव्वाअठरा अंशांवरच. युरोपातल्या लोकांचे व्हिडिओ बघून हे ध्यानात येत नाही. त्यांचा ध्रुव अर्ध्या आकाशावर असतो, आपला झाडाझुडपांत. आमच्या शेतात उत्तरेच्या बांधापलीकडे तात्यांचा ऊस आहे, बारा फूट तरी उभा. गोठ्यापुढच्या फरशीपासून तो पंचवीस फुटांवर. चार फुटांवरच्या दुर्बिणीतून शेंड्यांचा कोन काढला: अठरा अंशाला थोडा कमी. वारा पडला की ध्रुव दिसतो, वारा सुटला की पात्यांआड जातो.

मग दक्षिणेला सरकायला काय झालं? काळी माती झाली. परवाच हरभऱ्याला पाणी दिलंय, तिपाईचे पाय तासाभरात अर्धा इंच खाली गेले, तेही तिन्ही सारखे नाहीत. अख्ख्या शेतात घट्ट जागा एकच, गोठ्यापुढची फरशी. पूर्वेला गोठा, पश्चिमेला लिंब, उत्तरेला ऊस. त्यात लातूरही उत्तरेलाच, त्यामुळे शेंड्यांमागचं आकाश पिवळट.

शेवटी ध्रुव अंदाजानंच धरला. तिकांडं म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे. त्यांच्या डावीकडे काक्षी हा लालसर तारा, तिथून प्रश्वा या ताऱ्याच्या दिशेनं साधारण एक तृतीयांश गेलं की रोझेट. डोळ्यांना तिथं काहीच नाही, फक्त अंधाराचा एक तुकडा. आयपीस लावून पाहिलं तर सहा ताऱ्यांचा लांबट आयत. तो गुच्छ. तेजोमेघ कुठेच नाही. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यांतल्या पेशी ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट प्रकाश चांगला पकडतात, ६५६ ला जवळजवळ आंधळ्या असतात. म्हणजे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढतो तो बाण माझ्या स्वतःच्या डोळ्याला रात्री दिसूच शकत नाही.

अण्णा गोठ्यातून आले. "काय दिसलालंय का?"

"सहा चांदण्या, अण्णा."

त्यांनी वाकून पाहिलं, मोजल्या, आणि गेले.

दोन मिनिटांच्या ४० फ्रेम. आयएसओ १६००. पावणेतीनला काच दवानं पांढरी झाली, आवरलं.

५ डिसेंबर, गुरुवार. लातूर

गेला आठवडा ढगांत गेला. फेंगल चक्रीवादळ ३० नोव्हेंबरला पुद्दुचेरीजवळ किनाऱ्यावर आलं आणि त्याचे उरलेसुरले ढग इथवर पसरले. तेवढ्यात चाळीस फ्रेम सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये टाकून एकावर एक रचल्या.

चित्र बघून हसू आलं. गुच्छ आहे, भोवती कसंबसं लालसर कडं आहे, आणि सगळ्यावर तिरक्या रेघा. पाऊस पडताना फोटो काढावा तशा. याला 'वॉकिंग नॉइज' म्हणतात. सेन्सरवर काही ठिपके कायमचे जास्त तापट असतात. अक्ष चुकलेला असल्यानं तारे प्रत्येक फ्रेममध्ये एकाच दिशेनं थोडेथोडे सरकतात. सॉफ्टवेअर ताऱ्यांवर तारे ठेवतं, मग तापट ठिपके उलट्या दिशेनं चालत जातात आणि मागे रेघ सोडतात. थोडक्यात, तात्यांच्या उसाची सावली माझ्या चित्रात तिरकी पडली आहे.

उपाय दोन, आणि दोन्ही करावे लागतील. एक, दर दोन-तीन फ्रेमनंतर दुर्बीण मुद्दाम काही पिक्सेल कुठेही हलवायची, याला डिदरिंग म्हणतात. मग तापट ठिपका प्रत्येक वेळी वेगळ्या जागी पडतो, आणि सरासरी काढताना बेवारशासारखा एकटा सापडून बाहेर फेकला जातो. दुसरा उपाय अक्षाचा. नीना या सॉफ्टवेअरमध्ये तीन बिंदूंची पद्धत आहे. आकाशाच्या मोकळ्या भागात दुर्बीण एकाच अक्षावर फिरवत तीन फोटो घ्यायचे. तारे ओळखून ते नेमकी दिशा काढतं, आणि त्या तीन बिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचं केंद्र कुठं पडतं यावरून अक्ष किती चुकला ते सांगतं. ध्रुवतारा दिसायची गरजच नाही. अकरावीची भूमिती.

१३ डिसेंबर, शुक्रवार

चंद्र मोठा आहे, म्हणून हातकाम. ३३० ओहमचे २० रेझिस्टर समांतर जोडून पट्टी केली, कापडी चिकटपट्टीत गुंडाळली, दुर्बिणीच्या तोंडाला बांधायची. एकूण १६.५ ओहम. १२ व्होल्टला पाऊण अँपिअरच्या आत, पावणेनऊ वॅटच्या आसपास. हाताला कोमट लागते, एवढंच हवं. काच स्वतःची उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडत भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते, म्हणून दव तिच्यावर आधी बसतं. तिला हवेहून दोन अंश वर ठेवलं की झालं.

वीज कुठून? फवारणी पंपाची बॅटरी: १२ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर. डिसेंबरात फवारे नसतात, ती कोनाड्यात पडूनच असते. अण्णांना विचारलं. म्हणाले, "हरभऱ्यावर अळी आली तर परत पायजे."

२२ डिसेंबर, रविवार. शेत

तालीम. मध्यरात्रीपर्यंत चंद्र नव्हता. तीन बिंदूंची पद्धत पहिल्यांदा वापरली: पहिली चूक दोन अंशांवर निघाली! चार फेऱ्यांत ती एका कलेच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, आत आणली. फोकससाठी कार्डबोर्डचा बाटिनोव मुखवटा कापला होता, तो लावून व्याधाच्या तेजाच्या तीन रेघा जुळवल्या. तापमान उतरलं की नळी आखडते आणि फोकस सरकतो, त्यामुळे तासातासाला परत जुळवायचा. हे लिहून ठेवतो कारण मी विसरणार आहे.

तात्यांच्या बोअरवरचा बल्ब हा नवा प्रश्न. या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची आहे, म्हणजे तात्या रात्री दीडपर्यंत पाणी धरणार, आणि बल्ब पेटलेला राहणार. बंद करा म्हणणं बरं नव्हे. अंधारात दारं मोडायची तर पायाखाली काय येईल सांगता येत नाही, शिवाय रानडुकरं. बल्बला डालड्याच्या फुटक्या डब्याचं टोपडं केलं. प्रकाश सरीवर पडतो, वर जात नाही. तात्यांना ते इतकं आवडलं की म्हणाले, आता डोळ्यात येत नाही, राहू दे कायमचं.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

मार्गशीर्ष अमावास्या. लातूर शहर आज ओस असतं, सगळी माणसं रानात. आमच्याकडे पाहुणे धरून पंचवीस-तीस. कडब्याच्या कोपीत पांडव मांडले, आंबील, भज्जी, उंडे, खीर. जेवून मी लिंबाखाली झोपलो ते मुद्दामच, रात्रीसाठी. वर्षातला सगळ्यात मोठा रानातला सण नेमका अमावास्येला ठेवणाऱ्याला आमच्यासारख्यांचे आशीर्वाद.

एक अडचण मात्र मी धरली नव्हती. दिवस मावळल्यावर हेंडगा पेटवून शेताला ओवाळतात. चारी बाजूंच्या रानांत पेटत्या पेंढ्या फिरत होत्या. सुंदर दिसत होतं आणि धूर जमिनीलगत थर धरून बसला. साडेनऊपर्यंत नुसतं बसून राहिलो. काक्षी आज तिच्या स्वभावापेक्षाही लाल दिसत होती.

पाहुण्यांतली पोरं मात्र दुर्बिणीभोवती. त्यांना गुरू दाखवला, तो रोहिणीच्या जवळच आहे सध्या. चार चंद्र दिसले की पोरं ओरडतात, म्हातारी माणसं गप्प होतात. आत्यांनी विचारलं, तू कशाचा फोटो काढणार? मी बोट दाखवलं. "तिथं तर काहीच नाही." बरोबर आहे.

अण्णा खाटेवर पडून होते. म्हणाले, त्र्याण्णवच्या भूकंपानंतर बरेच महिने छताखाली डोळा लागायचा नाही. घड्याळ ढिगाऱ्यात गेलेलं. रात्री जाग आली की तिकांडं कुठवर आलंय बघून किती वाजले ते कळायचं. त्या पहाटे ते बाहेर पळाले तेव्हा तिकांडं वर चढत होतं, असं ते सांगतात. मी नंतर स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं असं टाकून पाहिलं. आग्नेयेला, साठ अंशांहून वर. खरं सांगायचं तर तपासायला नको होतं, पण सवय.

तिकांडं हा शब्द पुस्तकात शोधला तर इषुत्रिकांड सापडतं, तीन पेरांचा बाण. मृगाला लागलेला. आमच्याकडं तो बाण घड्याळ म्हणून वापरला गेला.

काम पावणेदहाला सुरू. तीन मिनिटांच्या फ्रेम, आयएसओ ८००, दर तिसऱ्या फ्रेमला डिदरिंग. गायडिंगची, म्हणजे ताऱ्याचा माग धरण्याची, चूक सव्वा विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), पिक्सेल अडीच विकलांचा, म्हणजे चालतंय. रोझेट साडेबाराच्या सुमारास माथ्यावर येतो, ७७ अंश. तिथं माउंट पलटी घेतं, दुर्बीण एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर. पलटी घेतानाच गाइड कॅमेऱ्याची केबल घट्ट करायच्या नॉबमध्ये अडकली, ताणली गेली, आणि सॉफ्टवेअरनं लाल पट्टी दाखवली. मी तेव्हा कोपीत उरलेली खीर खात होतो. चाळीस मिनिटं गेली. केबल आता नळीला सुतळीनं बांधली आहे.

६२ पैकी ५१ फ्रेम कामाच्या. २ तास ३३ मिनिटं. पट्टीमुळे काच शेवटपर्यंत कोरडी, लॅपटॉपवर मात्र पाणी टपकत होतं. परवापर्यंत ढग होते, रानं ओली आहेत, दव पडायचंच.

३१ डिसेंबर, मंगळवार

सलग दुसरी रात्र, डोळे चुरचुरतायत. बारा वाजता औशाच्या बाजूला फटाके, मग डीजेचा निळा झोत आकाशात गोल फिरत राहिला. चार फ्रेम त्याच्या नावावर. बाकी ६४ चांगल्या. ३ तास १२ मिनिटं. नवीन वर्ष कधी लागलं ते फाईलच्या वेळेवरून कळलं.

सकाळी फ्लॅट घेतले. दुर्बिणीच्या तोंडावर आजोबांचं पांढरं धोतर दुहेरी ताणून बांधलं, उगवत्या आकाशाकडे रोखून तीस फोटो. त्यात सेन्सरवरची धूळ आणि कडेचा अंधार दोन्ही उतरतात, मग खऱ्या फ्रेमना त्यानं भागायचं. काच काढताना आत गेलेले तीन केस त्यात स्पष्ट दिसतात. बाजारात यासाठी दिव्याच्या पाट्या मिळतात, पण धोतराचं विणकाम फारच एकसारखं आहे.

१२ जानेवारी २०२५, रविवार

उद्या पौर्णिमा. चंद्र मिथुनेत, रोझेटच्या शेजारीच म्हणायला हवं. काम बंद. हुरडा खाल्ला.

क्लासमधली पोरं 'ग्रहांची परेड' कधी म्हणून विचारत आहेत. शुक्र, शनी, गुरू, मंगळ संध्याकाळी एकदम दिसतात हे खरं, पण ते एका रेघेत उभे राहून सलामी देतील असं त्यांना कुणी तरी सांगितलंय. सगळे ग्रह नेहमीच आयनिकवृत्ताच्या, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वाटेच्या, जवळ असतात, म्हणून रेघ नेहमीच असते. निराश झाली पोरं.

१९ जानेवारी, रविवार. लातूर

आतापर्यंतच्या ५ तास ४५ मिनिटांचं पहिलं चित्र. रेघा गेल्या! लाल कडं आता खरंच कडं आहे, मधोमध पोकळी आहे. पण ते लाल फिकं, आकाशाच्या पिवळट धुरकटपणात मिसळलेलं. इथलं आकाश मी काळोख मोजायच्या बॉर्टलच्या नऊ पायऱ्यांत (पहिली सगळ्यात काळी) चौथ्या पायरीचं धरतो, उत्तरेकडे त्याहून वाईट.

अजून वेळ घालून काय होईल याचा हिशोब साधा आहे. संकेत वेळेच्या प्रमाणात वाढतो, खरखर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. चित्र दुप्पट स्वच्छ हवं तर चौपट रात्री. चौपट म्हणजे २३ तास, आणि मला शनिवार-रविवारच मिळतात. दुसरी वाट: आकाशाचाच प्रकाश कमी करायचा. लातूरच्या दिव्यांचा उजेड सगळ्या रंगांत सांडलेला असतो. तेजोमेघाचा प्रकाश मात्र मोजक्या रेषांतच येतो. एका ओळखीच्यांकडून ड्युअल बँड फिल्टर पंधरा दिवसांसाठी मागितला. तो दोनच फटी उघड्या ठेवतो, प्रत्येकी सात नॅनोमीटर: एक ६५६ पाशी, एक ५०० पाशी.

ही ५०० ची फट म्हणजे एक जुनी फजिती आहे. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला. ताऱ्यासारखा अखंड पट्टा दिसायच्या ऐवजी सुट्या रेषा दिसल्या. म्हणजे हा ताऱ्यांचा थवा नव्हे, वायू आहे, हे तिथं ठरलं. पण त्यातली ठळक हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. नवं मूलद्रव्य असावं म्हणून 'नेब्युलियम' असं नावही पडलं. साठहून जास्त वर्षांनी, १९२७ मध्ये, आयरा बोवेन यांनी दाखवलं की तो साधा ऑक्सिजन आहे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. प्रयोगशाळेत ती रेषा दिसत नाही कारण तिथं अणू एकमेकांवर सारखे आदळतात. ती उतरण्याएवढा निवांतपणा अणूला फक्त तेजोमेघाच्या विरळ पोकळीत मिळतो. मेंडेलीव्हच्या तक्त्यात जागाच शिल्लक नसताना लोकांनी नेब्युलियम इतकी वर्षं कसं चालवून घेतलं, हे मला कधी नीट कळलेलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार, आणि २६ जानेवारी, रविवार. शेत

दोन रात्री एकत्र लिहितो, कारण मध्ये झोप झाली नाही आणि कुठलं कधी घडलं ते मिसळलंय.

फिल्टर लावला की कॅमेऱ्याच्या पडद्यावर काही म्हणता काही दिसत नाही. फोकससाठी व्याधावरच जावं लागतं. पाच मिनिटांच्या फ्रेम. पहिली उतरली आणि मी लॅपटॉपवर तिचा उजेड ताणून बघितला: एकाच फ्रेममध्ये, काही न रचता, लाल कडं. नोव्हेंबरात चाळीस फ्रेममध्ये जे कसंबसं दिसलं होतं ते.

एकटाच होतो, तरी उभा राहिलो. तिसऱ्या रेघेवरून दुसरीवर. गुच्छातले तरुण तारे इतके तापलेले आहेत की त्यांचा अतिनील प्रकाश हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन उपटून काढतो. त्यासाठी १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, हेही फळ्यावर दरवर्षी लिहितो. सुटा इलेक्ट्रॉन पुन्हा एखाद्या प्रोटॉनच्या हाती लागतो आणि पायऱ्या उतरत खाली येतो. तिसरीवरून दुसरीवर येताना जो लाल कण सुटतो त्यातले काही सेन्सरवर पोचले. पोचले तेही चारांतल्या एकाच पिक्सेलवर, कारण रंगीत सेन्सरमध्ये लाल जाळी चारांत एकालाच असते. हिरव्या-निळ्या प्रकाशाला उरलेले तीन मिळतात.

शनिवारी ३८ फ्रेम, रविवारी ३४. पूर्ण ६ तास. रविवारी सव्वाबाराला फवाऱ्याची बॅटरी बसली. दोन रात्रींच्या मध्ये तिला चार्ज करायला लावलं होतं, पण दुपारी लाईट नव्हती. अण्णांना न विचारता ट्रॅक्टरची बॅटरी काढली. सकाळी विचारलं. ते काही बोलले नाहीत, पण ट्रॅक्टर चालू होतो का ते दोनदा बघितलं.

उसाची तोड अजून नाही. टोळी येते येते म्हणतात.

२ फेब्रुवारी, रविवार. लातूर, मग शेत

एकूण ११ तास ४५ मिनिटं. सिरिलमध्ये फिल्टरच्या फ्रेममधून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे काढले, तारे बाजूला केले, तारे विनाफिल्टरच्या फ्रेममधून घेतले म्हणजे त्यांचे खरे रंग राहतात. पार्श्वभूमीतला लातूरचा उतार काढला. हे एका ओळीत लिहिलं, पण तीन संध्याकाळी गेल्या, आणि पहिली दोन चित्रं अशी लालभडक झाली की बायको म्हणाली, लग्नाच्या पत्रिकेवर छाप.

तिसऱ्यात हात आवरला. आता असं दिसतं: बाहेर हायड्रोजनचं लाल, पाकळ्यांसारखं सुटंसुटं. आत, पोकळीच्या कडेनं, ऑक्सिजनची निळसर झाक, कारण ऑक्सिजनचे दोन इलेक्ट्रॉन काढायला जास्त ताकदीचा प्रकाश लागतो आणि तो ताऱ्यांच्या जवळच असतो. मधली पोकळी त्याच ताऱ्यांच्या वाऱ्यानं झाडून काढलेली. लाल भागात काळ्या धुळीचे ठिपके ओळीनं आहेत, मुंग्यांच्या रांगेसारखे. ते असतात हे वाचलं होतं, ६० मिलिमीटरमधून पकडले जातील असं वाटलं नव्हतं. कोपऱ्यातले तारे अजून लांबट आहेत, नळी आणि कॅमेऱ्यातलं अंतर एखादा मिलिमीटर चुकतंय.

संध्याकाळी शेतावर लॅपटॉप नेला. अण्णांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. मग गुच्छावर बोट ठेवून आयत मोजला, नोव्हेंबरात मोजला होता तसाच. "ह्या सहाच का? ही एक पिवळी कशी?"

मी तो तारा चित्रात शंभरदा पाहिला होता, आणि एकदाही हा प्रश्न पडला नव्हता. बाकीचे पांढरे-निळे, एकच पिवळसर. शोधलं: १२ मोनोसेरोटिस. तो त्या गुच्छातला नाहीच. आपल्या बराच जवळ, वाटेत मध्ये उभा आहे, म्हणून त्यांच्यात बसलेला दिसतो.

"म्हणजे पाव्हणा हाय," अण्णा म्हणाले.

९ फेब्रुवारी, रविवार

कॅमेऱ्यापुढे दोन-तीन जाडीच्या चकत्या घालून अंतर बदलायचा प्रयोग करायचा होता. चंद्र आहे, तरी तारे लांबट आहेत की गोल ते चंद्रातही कळतं. १ मिलिमीटरची चकती बरोबर. ०.५ ची अर्धवट. हे नोव्हेंबरात केलं असतं तर.

बामरच्या तासाला चित्र दाखवलं. विचारणारी मुलगी गेल्या वर्षीच पास होऊन गेली. तिच्या ऐवजी मागच्या बाकावरून प्रश्न आला, सर, हे परीक्षेत येतं का.

२२ फेब्रुवारी, शनिवार. शेत

टोळी अखेर आली. बांधाच्या कडेचा ऊस सगळा गेला, ट्रॉल्या दुपारीच कारखान्याकडे रवाना. तात्यांनी पाचट जाळलं नाही, सरीत दाबलं, त्यामुळे धूरही नाही. संध्याकाळी फरशीवर उभा राहिलो आणि ध्रुवतारा या हंगामात पहिल्यांदाच सबंध दिसला, सव्वाअठरा अंशांवर, खाली नुसती मोकळी सरी आणि त्यापलीकडे लातूरचा उजेड.

मुद्दाम ध्रुवतारा धरून अक्ष जुळवला. सात मिनिटं लागली. रोझेट आता नवाच्या आधीच माथ्यावर येतो आणि मध्यरात्रीनंतर तासाभरात लिंबाआड जातो. तरी बसलोच आहे तर अर्ध्या-पाऊण तासाच्या फ्रेम घेतल्या, कोपऱ्यातले तारे बघायला. गोल आहेत.

तात्या बॅटरी घेऊन बांधावर आले. विचारलं, आता इथं काय करणार? तूर? सोयाबीन?

"खोडवा ठेवलाय," म्हणाले. "डिसेंबरपर्यंत येतोय दहा-बारा फूट."